चर्चा: ऑपरेटिंग रेशो सुधारला म्हणजे रेल्वे सुधारली का?

घाटमाथा
चाकणला माल पाठवण्याचं काम बघतो. तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्त्यावरची ट्रेलरची रांग माझ्या रोजच्या शिव्यांचा विषय आहे. तिथे उभं राहिलं की कोणीतरी हमखास म्हणतं, 'रेल्वे खासगी करा, अमेरिकेत बघा मालगाड्या कशा चालतात!' म्हणून अमेरिकेचंच बोलू.

तिथल्या मोठ्या मालवाहू रेल्वे कंपन्या ऑपरेटिंग रेशोपायी वेड्या झाल्या. शंभर डॉलर कमवायला किती डॉलर खर्चले, तो हा आकडा; जितका कमी तितका बरा. तो खाली आणायला धंदा वाढवता येतो, पण त्यासाठी आधी पैसे घालावे लागतात आणि वर्षं थांबावं लागतं. खर्च छाटला तर पुढच्याच तिमाहीत दिसतो. हंटर हॅरिसन या रेल्वे अधिकाऱ्याने या दुसऱ्या, छाटणीच्या रस्त्याचं शास्त्र केलं, नाव 'प्रिसिजन शेड्यूल्ड रेलरोडिंग'. 2012 मध्ये गुंतवणूकदार बिल ॲकमन यांच्या फंडाने कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या संचालकांशी भांडून त्यांना तिथे बसवलं. मार्च 2017 मध्ये ते सीएसएक्स या अमेरिकन रेल्वे कंपनीवर आले. हंप यार्डं (डबे उतारावरून सोडून वेगवेगळ्या गाड्यांत लावायची जागा) बंद, इंजिनं बाजूला उभी, माणसं कमी, गाड्या लांबलचक. त्याच उन्हाळ्यात माल इतका अडकला की ऑक्टोबरमध्ये नियामकाला, म्हणजे सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाला, सुनावणी घ्यावी लागली. हॅरिसन डिसेंबरमध्ये वारले. सीएसएक्सचा रेशो मात्र 2016 च्या 69.4 वरून 2018 मध्ये 60.3 वर आला, आणि शेअर बाजाराने तेवढंच पाहिलं.

मग बाकीच्यांनी कित्ता गिरवला. बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन ओबरमन यांनी सांगितलं होतं, की मोठ्या कंपन्यांनी सहा वर्षांत 29 टक्के, सुमारे 45,000 माणसं कमी केली. कोविडनंतर माल परत आला तेव्हा गाडी चालवायला माणूस नाही! एप्रिल 2022 मध्ये पुन्हा सुनावणी. लाभांश आणि बायबॅकला (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याला) मात्र कधी पैसा कमी पडला नाही.

मुक्तबाजार
अर्धीच गोष्ट सांगितलीत. 1970 मध्ये पेन सेंट्रल ही तिथली मोठी रेल्वे कंपनी बुडाली. तेव्हा भाडं सरकारी नियमांनी बांधलेलं होतं आणि तोट्याची लाईन बंद करायचीही परवानगी लागायची. सरकारला 1976 मध्ये कॉनरेल ही सरकारी कंपनी काढावी लागली. रुळ इतके खराब, की उभ्या डब्याखालून सरकायचे. 1980 च्या स्टॅगर्स कायद्याने दर मोकळे केले. त्यानंतर महागाई वजा जाता सरासरी भाडं 40 टक्क्यांहून जास्त उतरलं. रुळ स्वतःचे, दुरुस्ती बहुतांशी स्वतःच्या पैशाने. आपल्याकडे असं कोण करतं?

आणि नोकऱ्या फक्त हॅरिसनमुळे गेल्या असं भासवू नका. 2008 नंतर तिथला रेल्वेवरचा कोळसा जवळपास निम्म्यावर आला. माल नाही तर माणसं बसवून ठेवायची?

घाटमाथा
कोळशाचा मुद्दा मान्य, पण तो तर सगळ्यांचाच घटला. बीएनएसएफ ही रेल्वे कंपनी 2010 पासून वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या मालकीची आहे, तिचा शेअर बाजारात नाही. मोठ्या कंपन्यांत हॅरिसनची पद्धत उघडपणे न स्वीकारणारी तीच एक उरली. तिमाहीचा धाक नसेल तर वेगळा निर्णय घेता येतो, एवढंच म्हणतोय. (तीही मालकाला भरपूर लाभांश देते, संत कोणीच नाही.)

माजी_गार्ड
दोघंही अटलांटिकपलीकडे रमलात. आपल्याकडे तिमाही नाही, पण निवडणूक आहे की. पॅसेंजरचं भाडं वाढवायचं नाही आणि तूट मालभाड्यातून काढायची. मग गिऱ्हाईक ट्रककडे जाणारच. 1951 मध्ये देशातला 80 टक्क्यांहून जास्त माल रेल्वेने जायचा, आज 30 टक्क्यांच्या आतबाहेर.

रेशोचं वेड आम्हीही पाहिलंय. लालूप्रसाद रेल्वेमंत्री असताना वाघिणींत (मालडब्यांत) ठरलेल्या क्षमतेपेक्षा सहा-आठ टन जास्त माल भरायला परवानगी मिळाली आणि 2007-08 मध्ये रेशो 75.94 झाला. देशभर कौतुक, आयआयएममध्ये केस स्टडी! सहावा वेतन आयोग आला आणि पुढच्याच वर्षी 90 पार. हल्ली तर कागदावरच जुळवतात. 2019-20 चा रेशो 98.36 दाखवला, पेन्शनचा खरा खर्च धरला तर 114.35 होतो, असं कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, लिहून ठेवलंय.

सांगवीकर
एवढं ज्ञान आहे तर पुणे–लोणावळा तिसरी-चौथी लाईन कधी, तेवढं सांगा. बाकी चालू द्या.

मुक्तबाजार
@माजी_गार्ड, जादा भाराला छाटणीच्या पंक्तीला बसवू नका. आहे त्या वाघिणीतून जास्त काम काढणं हे चांगलंच व्यवस्थापन झालं. नवा पैसा न घालता माल वाढला, यात वाईट काय?

माजी_गार्ड
वाईट काहीच नाही, जर त्या कमाईतला पुरेसा वाटा रुळाच्या नूतनीकरणाकडे गेला असता. रुळ झिजला तरी त्या वर्षीच्या आकड्यात दिसत नाही. 2012 मध्ये काकोडकर समितीने सुरक्षेसाठी पाच वर्षांत लाख कोटी मागितले आणि निधी उभा राहिला 2017 मध्ये. मधली पाच वर्षं कुठल्या खात्यात धरायची?

घाटमाथा
@सांगवीकर, तुमचाच प्रश्न खरा आहे. चिंचवडहून मोटारी रेल्वेने जातात, पण चाकणला रुळच नाही. पुणे–नाशिक मार्ग चाकणवरून जाणार होता, तो खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या हरकतीमुळे पुन्हा आखणीत गेला. दुर्बिणीचं बरोबरच आहे, पण ती काय काल बसवली?

मुक्तबाजार
मग कारखान्यांनी एकत्र येऊन टर्मिनल बांधावं. डिसेंबर 2021 च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणात खासगी पैशाला वाट आहे. सरकारची वाट का बघता?

घाटमाथा
टर्मिनल उद्या बांधू. गाडी कुठून काढू? लोणावळ्यापर्यंत त्याच दोन रुळांवर लोकल, एक्सप्रेस आणि आम्ही.

माजी_गार्ड
पुढे घाट आहेच. 1:37 चा चढ. कर्जतला मागे बँकर (ढकलणारी जादा) इंजिनं लावल्याशिवाय भरलेली गाडी वर येत नाही, आणि उतरताना ब्रेकची वेगळी तपासणी. नवी मार्गिका घाटातून काढायला जी रक्कम लागेल तिचा परतावा बघायला आज सही करणारा साहेब नोकरीत नसेल, मंत्रीही खुर्चीत नसेल. तुमच्या कारखान्यांपैकी कोण तीस वर्षांचा मालाचा करार लिहून देईल, ते आधी विचारून या.

मुक्तबाजार
तीस? आमचे साहेब तीन वर्षांचाही देणार नाहीत.