मदत हवी आहे: सर्व्हरची साडेसात जीबी मेमरी कोण खातंय ते कुठेच दिसत नाही

हळदपेठ_सांगली
मार्केट यार्डातल्या काही अडत दुकानांचं बिलिंग आमच्या एका सर्व्हरवर चालतं. १६ जीबी रॅम, उबुंटू २२.०४. 'फ्री' कमांड म्हणते साडेअकरा जीबीच्या वर वापरात. 'पीएस'मधले (चालू प्रोसेसची यादी) सगळ्या प्रोसेसचे आरएसएस (प्रोसेसनं रॅममध्ये धरलेली मेमरी) मिळवले तर जेमतेम ४.१ जीबी. बाकीची साडेसात जीबी गेली कुठं? परवा हळदीच्या सौद्याच्या दिवशी पावत्या काढताना कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, मेमरी संपली म्हणून आमचा जाव्हा ॲप्लिकेशनच मारून टाकला. बाहेर शेतकरी पट्टीसाठी थांबलेले आणि आत स्क्रीन बंद. सोमवारी पुन्हा सौदे आहेत. कर्नलचे आकडेच चुकतात का? कृपया लवकर सांगा.

विश्रामबाग
दादा, लिनक्स रिकामी रॅम फाइल कॅशसाठी वापरतं. लागली की सोडतं. काळजी करू नका.

हळदपेठ_सांगली
कॅश धरलेलीच नाही मी. वापरात असा जो रकाना आहे त्यातले साडेअकरा म्हणतोय. आणि काळजी कशी करू नको? ॲप्लिकेशन मेलं की.

द्राक्षबाग
आमच्याकडं बेदाण्याच्या शीतगृहात असंच व्हायचं. रोज रात्री तीनला सर्व्हर रीस्टार्ट करायचा, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) एक ओळ टाकली. दोन वर्षं झाली, त्रास नाही. तुम्हीपण तेच करा, सोमवारचा प्रश्न सुटला.

जुना_सिसॲडमिन
रीस्टार्टनं रोग झाकला जातो, कळत नाही. आणि आरएसएसची बेरीज हीच मुळात चूक आहे. दहा प्रोसेस एकच लायब्ररी वापरत असतील तर ती दहा वेळा मोजली जाते. पीएसएस बघा, त्यात सामाईक पानाचा (मेमरीचा छोटा ठोकळा) खर्च प्रोसेसमध्ये वाटून धरतात. प्रत्येक प्रोसेसच्या 'एसमॅप्स_रोलअप' फाइलमध्ये मिळेल.

मिरज_जंक्शन
सिसॲडमिनसाहेब, बरोबर आहे, पण त्यानं ह्यांचं कोडं सुटत नाही, वाढतं. आरएसएसची बेरीज खऱ्यापेक्षा जास्त येते. म्हणजे पीएसएसनं मोजलं तर हिशेबाला लागलेली मेमरी चारपेक्षा कमी भरेल आणि गायब मेमरी साडेसातपेक्षा जास्त होईल.

हळदपेठ_सांगली
मोजलं. पीएसएस साडेतीन जीबी. आता आठ जीबी गायब! म्हणजे कर्नल खोटं बोलतोय ना?

मिरज_जंक्शन
खोटं नाही, पण थोडं शिळं बोलतो, आणि ते मुद्दाम आहे. समजा तुमच्या यार्डात चार काट्यांवर चार तोलाईदार आहेत. प्रत्येक पोत्यामागं प्रत्येकानं पळत जाऊन दिवाणजींच्या एकाच वहीत नोंद करायची ठरवली, तर वजनं बाजूला राहतील आणि वहीपाशी रांग लागेल. म्हणून प्रत्येकजण आपल्या चिठ्ठीवर लिहितो आणि थोडं साठलं की वहीत चढवतो. कर्नल तेच करतो. प्रत्येक सीपीयूचा स्वतःचा छोटा मोजणा असतो. फरक ठरावीक मर्यादेपुढं गेला की तो मुख्य आकड्यात मिळवतात, शिवाय साधारण दर सेकंदाला एक कामगार धागा उरलंसुरलं गोळा करतो. सगळ्या सीपीयूंनी एकच आकडा प्रत्येक पेज फॉल्टला (प्रोसेसला नवं पान द्यावं लागतं तेव्हा) बदलायचा म्हटलं तर ती कॅशलाइन (तो आकडा असलेला मेमरीचा तुकडा) एका सीपीयूकडून दुसऱ्याकडं फिरत राहते आणि मशीन त्यातच दमतं.

पण ही चूक किती मोठी होऊ शकते तेही मोजता येतं. ती मर्यादा जास्तीत जास्त १२५ पानं. ४ सीपीयू धरले, ४ केबीचं एक पान, तर एका मोजण्यात सुमारे २ एमबी. तुमच्या ५.१५ कर्नलमध्ये आरएसएससाठी वेगळी पद्धत आहे. प्रत्येक थ्रेड आपली नोंद जवळ ठेवतो आणि ६४ पेज फॉल्टनंतर चढवतो. जाव्हाचे ३०० थ्रेड धरले तरी सगळ्यात वाईट म्हणजे ७५ एमबी. (६.२ पासून ही पद्धत काढून तिथंही प्रत्येक सीपीयूचे मोजणे आणले.) एमबीत चुकणारा मोजणा आठ जीबी खाऊ शकत नाही. कारण दुसरीकडं शोधा.

जुना_सिसॲडमिन
इथं माझं मत वेगळं आहे. ज्या आकड्यावर माणसं निर्णय घेतात तो अचूकच हवा. दोन एमबी का चुकावा?

मिरज_जंक्शन
अचूक हवाच असेल तर वाट मोकळी आहे. 'एसमॅप्स' खरीखुरी पेज टेबलं चालून मोजतं, म्हणून तर ते सावकाश आहे. 'स्टेटस' फाइलमधला व्हीएमआरएसएस, म्हणजे तोच आरएसएस, अचूक नाही हे मॅन पेजमध्येच लिहिलंय. पाहिजे तेव्हा अचूकतेची किंमत मोजा, प्रत्येक पेज फॉल्टला सगळ्यांवर ती लादू नका.

विश्रामबाग
ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (कर्नल आपोआप वापरतो ती मोठी पानं) बंद करा. जाव्हाला ते सोसत नाही.

मिरज_जंक्शन
ती पानं अनामिक मेमरीतच (फाइलमधून न आलेली, प्रोसेसची स्वतःची) मोजली जातात, पीएसएसमध्ये दिसली असती. हळदपेठ, अंदाजात वेळ चाललाय. 'मेमइन्फो' (कर्नलचा मेमरीचा हिशेब) पूर्ण टाका. आणि ॲप्लिकेशन मेलं तेव्हाचा कर्नल लॉगही.

अनामिक_४१६
माझ्या विंडोज लॅपटॉपमध्येपण टास्क मॅनेजरची बेरीज जमत नाही. कुणी सांगेल का?

द्राक्षबाग
अवांतर: यंदा राजापुरी हळदीचा दर काय निघाला हो?

हळदपेठ_सांगली
दराचं नंतर. हे घ्या, केबीमध्ये, गोळाबेरीज करून:
एकूण १,६२,६५,०००
मोकळी १४,३०,०००
उपलब्ध ३२,१०,०००
बफर आणि कॅश मिळून २२,४०,०००
अनामिक पानं ३३,१०,०००
स्लॅब (कर्नलच्या स्वतःच्या कामाची मेमरी) ६,४०,०००, त्यातला परत मिळण्याजोगा ४,१०,०००
पेज टेबल आणि कर्नल स्टॅक मिळून ६०,०००

मिरज_जंक्शन
खालच्या ओळी कापल्यात तुम्ही. शेवटाकडं 'ह्यूजपेजेस' नावाच्या चार-पाच ओळी असतात. त्याच हव्यात.

हळदपेठ_सांगली
त्या शून्य असतील म्हणून सोडल्या. थांबा.
टोटल ४०९६
फ्री ४०९६
राखीव ०
आकार २०४८ केबी

मिरज_जंक्शन
सापडलं. ४०९६ गुणिले २ एमबी म्हणजे बरोबर ८ जीबी. ह्या मशीनवर कधी पोस्टग्रेस डेटाबेस होता का?

हळदपेठ_सांगली
होता की. जानेवारीत डेटाबेस दुसऱ्या मशीनवर नेला. त्याचा इथं काय संबंध, म्हणून लिहिलं नाही.

मिरज_जंक्शन
सगळा संबंध तिथंच आहे. डेटाबेससाठी कुणीतरी 'एनआर_ह्यूजपेजेस' (राखून ठेवायच्या मोठ्या पानांची संख्या) ४०९६ ठेवलं. डेटाबेस गेला, सेटिंग राहिली. हरिपूरची हळदीची पेवं आठवा. पेव एकानं धरून ठेवलंय, आत एक पोतं नाही, तरी दुसऱ्याला माल टाकता येत नाही. ती पानं मोकळ्या मेमरीतून वजा झालीत, पण ती कॅश नाही, स्लॅब नाही, कुठल्या प्रोसेसचीही नाहीत. डेटाबेस इथं असताना सुद्धा ती आरएसएसमध्ये दिसली नसती, 'स्टेटस' फाइलमध्ये ह्यूजटीएलबीची (ह्याच राखीव मोठ्या पानांची) वेगळी ओळ असते. त्यामुळं तुमची बेरीज ह्या जागेवर कधीच जमणार नव्हती.

मारलं तेव्हाच्या लॉगमध्येही 'ह्यूजपेजेस_टोटल=४०९६' अशी ओळ असणार. बघा.

हळदपेठ_सांगली
आहे! इतके दिवस तो लॉग माझ्यासमोर होता. मी फक्त शेवटची 'किल्ड प्रोसेस'ची ओळ वाचत होतो.

जुना_सिसॲडमिन
मिरजकर, मान्य. पण मग 'फ्री'नं ही राखीव पानं वेगळी दाखवायला नकोत का? नवशिक्यानं काय समजायचं? कर्नल ३.१४ मध्ये 'उपलब्ध' हा आकडा आला तो ह्याचसाठी, लोक मोकळी अधिक कॅश अशी चुकीची बेरीज करत होते म्हणून. तसंच इथंही व्हायला पाहिजे.

मिरज_जंक्शन
ह्यावर तुमच्याशी पूर्ण सहमत. मात्र 'उपलब्ध'चा आकडा इथं खरं सांगत होता. तीन जीबीच उरली म्हणत होता, आणि तेवढीच होती. हळदपेठ, 'एनआर_ह्यूजपेजेस' शून्य करा. सगळी पानं मोकळी असल्यानं लगेच सुटतील. 'सिसकंट्रोल.डी'मधली (बूट होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगचं फोल्डर) ओळही काढा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला परत येईल.

द्राक्षबाग
म्हणजे रात्रीच्या रीस्टार्टनं ह्यांचं काहीच झालं नसतं?

मिरज_जंक्शन
नाही. प्रत्येक वेळी बूट होताना तीच आठ जीबी पुन्हा बाजूला काढली गेली असती. तुमच्या मशीनवरही एकदा ह्या ओळी बघून घ्या.

हळदपेठ_सांगली
केलं. उपलब्ध आता ११ जीबी. मिरजकर, लई उपकार झाले. एक शंका राहिली. ह्यूज पेजेस धरूनही सगळ्या ओळींची बेरीज एकूणपेक्षा १,९६,००० केबीच्या आसपास कमी पडते. ती कुठली?

मिरज_जंक्शन
ती बहुतेक ड्रायव्हरनं कर्नलकडून थेट मागून घेतलेली पानं, नेटवर्क कार्डाचे बफर वगैरे, आणि प्रत्येक सीपीयूचा स्वतःचा कर्नल डेटा. 'पर्सीपीयू' अशी वेगळी ओळ आहे, ती वजा करा. थेट घेतलेल्या पानांना 'मेमइन्फो'त ओळच नाही. १९० एमबी स्थिर असेल तर सोडून द्या. दर तासाला वाढत असेल तर ड्रायव्हर गळतोय. आजपासून तासाला एकदा 'मेमइन्फो'ची प्रत फाइलमध्ये ठेवत जा, ह्या खेपेला ओळी न कापता.

हळदपेठ_सांगली
लावलं क्रॉनमध्ये. सोमवारी सौदे उरकले की आकडे इथंच टाकतो. द्राक्षबाग, दर व्यनि करतो.

अनामिक_४१६
आणि विंडोजचं?