व्हार्लेस्ट जॅक्सनने ती बढती घ्यायला नको होती का?

नदीकाठ: अमेरिकेत मिसिसिपी राज्यात नॅचेझ नावाचं गाव आहे, तिथला हा माणूस. काळा, कोरियाच्या लढाईत जाऊन आलेला, आर्मस्ट्राँगच्या टायर कारखान्यात कामाला, बायको एक्झर्लीना आणि पाच लेकरं. १९६७ च्या सुरुवातीला त्याला रसायनं मिसळायच्या कामावर बढती मिळाली, तोवर ते काम गोऱ्यांचंच होतं. वाढ किती, तर तासाला १७ सेंट. २७ फेब्रुवारीच्या रात्री पाळी सुटल्यावर पावसात गाडी घेऊन घरी निघाला, वळायचा सिग्नल दिला आणि सीटखालचा बॉम्ब फुटला. चाळिशीही गाठली नाही त्याने. तो काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या गावातल्या शाखेचा खजिनदार होता म्हणून चळवळीतला कार्यकर्ता एवढीच त्याची ओळख सांगतात, पण बॉम्ब आला तो बढतीच्या मागोमाग. म्हणून माझ्या मते कारखानाही जबाबदार आहे.

खरंबोलतो: नाही पटत. कारखान्याने तर बढती दिली, अजून काय करायचं होतं? १९६४ च्या कायद्याने कामावर वर्णभेद करायला बंदी होती, त्यांनी तो पाळला. बॉम्ब लावणारे वेगळे. आणि वाईट वाटेल पण बोलतो, दीड वर्ष आधी ऑगस्ट १९६५ मध्ये त्याच कारखान्याच्या पार्किंगमध्ये जॉर्ज मेटकाफच्या गाडीत बॉम्ब फुटला होता, मेटकाफ त्याच शाखेचा अध्यक्ष, थोडक्यात वाचला. हे सगळं डोळ्यांसमोर असताना पाच पोरांच्या बापाने थोडं थांबायला हवं होतं. मी असतो तर नाही म्हटलं असतं.

रातपाळी: थांबायचं म्हणजे कधीपर्यंत?? मेटकाफ जखमी झाला तेव्हा त्याची काळजी जॅक्सनच्याच घरच्यांनी घेतली, त्यामुळे धोका काय असतो ते त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने १९४८ मध्ये सैन्यातला वर्णभेद बंद करायचा हुकूम काढला, कोरियात काळे-गोरे एका तुकडीत लढायला लागले, आणि तोच माणूस घरी आल्यावर त्याला सांगायचं की देशासाठी बंदूक धरलीस ते ठीक, पण या पिंपाला हात लावू नकोस? मारणारे सोडून मेलेल्याचा हिशोब का मांडताय.

साचेखातं: आमच्याकडच्यांना हे परकं वाटायचं कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार बरा असायचा, पण अस्पृश्यांना तिथे घेत नसत. कारण काय तर दोऱ्याची कांडी बदलली की मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातून दोरा तोंडाने ओढून काढावा लागायचा, मग त्यांचा उष्टा धोटा बाकीच्यांनी कसा धरायचा! बिगारी, त्रासन (सूत कातायचं) खातं इथेच त्यांनी राहायचं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, आणि तो फक्त मालकांपुढे नाही तर युनियनपुढेही, कारण दार अडवून शेजारचा कामगारच उभा होता. नॅचेझमध्येही तेच. चांगलं काम कुणाच्या बापाचं हा भांडणाचा मुद्दा, १७ सेंट नाहीत.

खरंबोलतो: गिरणीत बॉम्ब नाही फुटले. आणि तुम्हीच म्हणताय की अडवणारा कामगार होता, मग कारखान्याचा दोष कुठून आला?

नदीकाठ: दोष असा की संशय होता सिल्व्हर डॉलर ग्रुपवर, कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेतूनच निघालेली कडवी टोळी ती, आणि तिच्यातला माणूस याच कारखान्यात कामाला होता. आधी स्वतःच्या पार्किंगमध्ये स्फोट झालेला असताना बढती देऊन मोकळं व्हायचं आणि ती घेणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावरच टाकायची, याला कायदा पाळणं म्हणत नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर एनएएसीपीचा मिसिसिपीतला नेता चार्ल्स एव्हर्सने मोर्चा नेला तोही थेट कारखान्यावर, लोकांना कळत होतं कुठे जायचं ते.

वकीलीण: कायद्याचं सांगते. एफबीआयने मोठा तपास केला, हजारो पानं जमली, पण आरोपपत्र एकावरही नाही. २००८ मध्ये एमेट टिलच्या (१९५५ मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांनी मारलेला काळा मुलगा) नावाचा कायदा झाला आणि जुनी प्रकरणं परत उघडली, त्यात हेही होतं, तरी हाती काही लागलं नाही. मेलेल्यांवर खटला चालत नाही, त्यामुळे फाइल बंद करण्यात चूक दिसत नाही मला.

रातपाळी: आज चालत नाही हे मान्य ताई. पण १९६७ मध्ये संशयित जिवंत होते, तिथेच राहत होते, नोकरीला जात होते. बापाच्या गाडीचा स्फोट ऐकून सायकलवर धावत गेलेला मुलगा तेव्हा ८ वर्षांचा होता, तो म्हातारा व्हायला आला. संशयित मरेपर्यंत वेळ कुणी काढला याचंही उत्तर सरकारकडे मागायला हवं, निदान त्या पाच पोरांना ते मिळायला हवं.