घटस्फोट चालू असताना नवरा-बायकोने संमोहन उपचार घ्यावेत का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी मुलुंडला राहते. आम्ही दोघांनी परस्पर संमतीने वेगळे व्हायचे ठरवले असून हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खालचा अर्ज वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला आहे. सध्या सहा महिन्यांचा थांबण्याचा काळ चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे न्यायालय तो माफ करू शकते, असे वकिलांनी सांगितले होते. पण मुलीच्या भेटी आणि घराच्या कर्जाचे हप्ते यांवर अजून एकमत नसल्याने आम्ही तसा अर्ज केलेला नाही.

खरी अडचण कागदांच्या बाहेरची आहे. दर रविवारी हे मुलीला न्यायला येतात, तेव्हा खालून वॉचमनचा इंटरकॉम वाजताच माझ्या हातांना इतका घाम सुटतो की तिच्या पाण्याच्या बाटलीचे झाकणही नीट लागत नाही. त्यांचीही झोप उडाली आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले. अशा अवस्थेत हप्त्यांचा विषय निघाला, की दोन वाक्यांत आवाज चढतात.

ओळखीतून एका संमोहन उपचारकांचे नाव कळले. दोघांना एकत्र बसवून, संमोहित अवस्थेत जुन्या प्रसंगांपर्यंत मागे न्यायचे, मूळ जखम शोधायची आणि मन शांत झाले की त्याच बैठकीत वाटाघाटी उरकायच्या, अशी त्यांची पद्धत आहे. फी आगाऊ आहे. (शांत होण्याची हमीही आगाऊच मिळाली, तेव्हा मी जरा सावध झाले.) संमोहनात माणूस झोपत नाही आणि त्याची इच्छाशक्तीही कोणी काढून घेत नाही, एवढे मला ठाऊक आहे, माझा या उपचाराला विरोधही नाही. परंतु मन सैल पडले असताना मुलीच्या ताब्याबद्दल मी काही कबूल केले, तर ती माझी मोकळी संमती मानायची का? आणि तिथे बोललेले उद्या न्यायालयात येऊ शकते का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:
ताई, मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे आणि काही रुग्णांसाठी संमोहन वापरतो. चिंता, झोप, तारखेच्या आदल्या रात्रीची धडधड यांसाठी इतर उपचारांच्या जोडीला त्याचा उपयोग होऊ शकतो, पण प्रत्येकाने स्वतंत्रपणे आणि शक्यतो वेगवेगळ्या उपचारकांकडे जावे. जुने प्रसंग उकरून काढण्याला मात्र स्पष्ट नकार द्या. संमोहनात आठवणी अधिक अचूक होत नाहीत, त्यांच्याबद्दलची खात्री तेवढी वाढते, आणि सूचनेतून न घडलेले प्रसंगही खरे वाटू लागतात. एकाच संध्याकाळच्या दोन ठाम आवृत्त्या घेऊन तुम्ही दोघे बाहेर पडलात, तर तडजोड आणखी लांबेल. अटींची चर्चा वेगळ्या दिवशी, वकिलांसमोर करा. अंतिम हुकूम होईपर्यंत घटस्फोटाला दिलेली संमती मागे घेता येते, हेही लक्षात असू द्या.

गोपनीयतेबद्दल म्हणाल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो, पण सक्षम प्राधिकरणाच्या आदेशाचा अपवाद त्यात आहे. शिवाय कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १४ नुसार, वाद सोडवायला उपयोगी वाटणारा कोणताही अहवाल किंवा निवेदन न्यायालय विचारात घेऊ शकते, एरवी ते पुराव्यात बसत नसले तरी. म्हणून ध्वनिमुद्रणाला परवानगी देऊ नका. उपचारक मनोविकारतज्ज्ञ आहेत की भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले मानसशास्त्रज्ञ, हे आधी विचारा. नुसते संमोहनाचे प्रमाणपत्र पुरेसे नाही. भेटींच्या वेळापत्रकासाठी न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांशी बोला. रात्री फारच असह्य झाले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे.

धागाकर्ती:
आभारी आहे. उपचारकांना नोंदणी क्रमांक विचारला. उत्तरादाखल त्यांनी सवलतीचा दर कळवला, त्यामुळे तो पर्याय बाद केला आहे. आम्ही दोघे वेगवेगळे जायला तयार आहोत. मुलुंड ते ठाणे पट्ट्यात मराठीतून बोलणारे नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोणाला माहीत असल्यास व्यक्तिगत निरोपातून कळवावे. शनिवारी संध्याकाळची वेळ मिळाली तर दोघांनाही सोयीचे होईल.