एकाच काडतुसावर रायफल आणि रिव्हॉल्व्हर: .३५७ की .४४? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे बंदुकांवर फारसे धागे नसतात, पण अमेरिकेत राहणारे आणि शिकारीला जाणारे दोघे-तिघे तरी इथे आहेत हे ठाऊक आहे, म्हणून विचारतोय. जरा लांबण लागेल.

आम्ही ओहायोत, कोलंबसपासून पाऊण तासावर राहतो. तीन वर्षांपूर्वी सात एकर जागा घेतली. मागे ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे ओक-हिकरीचं रान. घरी कोंबड्या आहेत, त्यांच्या वासावर कोयोटी (कोल्ह्यासारखे रानकुत्रे) येतात. पांढऱ्या शेपटीची हरणं तर संध्याकाळी गुरांसारखी चरत असतात. शेजारी एक निवृत्त काका आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला सोबत नेलं, मारलेलं हरीण सोलायला आणि कापायला शिकवलं, आणि त्यातलं निम्मं मांस आमच्या फ्रीजरमध्ये भरून दिलं. यंदा माझं मी जायचं ठरवलंय. हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, लायसन्स काढलं. रायफल तेवढी घ्यायची आहे.

घरात बायकोचं .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर आहे, चार इंची नळीचं. ती त्यात .३८ स्पेशलच (तेवढ्याच जाडीचं, पण आखूड आणि कमी जोराचं काडतूस) घालते, कारण मॅग्नमचा दणका तिच्या मनगटाला सोसत नाही. त्यामुळे कपाटात .३८ च्या आठ-दहा पेट्या आणि .३५७ च्या दोन अशा आहेतच. म्हटलं, मग रायफलही त्याच कॅलिबरची (गोळीच्या जाडीची), लिव्हर-ॲक्शन (ट्रिगरखालचा दांडा हलवून काडतूस भरायची) घ्यावी. एकच काडतूस दोन्हीत चालेल.

या हट्टाचं मूळ घरचं आहे. आमचं गाव कुडाळजवळ. बाबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि बाबा मांगरात बसून रात्री हवेत बार काढायचे. काडतुसं परवान्यावर मोजून मिळायची. एका सिगारेटच्या पत्र्याच्या डब्यात ती उभी लावलेली असायची, आणि बार काढून आले की बाबा झोपायच्या आधी उरलेली मोजून वहीत आकडा लिहायचे. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा आणि डबा रिकामा. इथे दुकानात हजार गोळ्यांची पेटी कुणी न विचारता देतं, तरी घरात चार प्रकारची काडतुसं असावीत हे मला अजून रुचत नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे. कपाटात काय आहे आणि किती आहे, हे मला न बघता सांगता आलं पाहिजे.

आता अडचणी सांगतो.

पहिली, ताकदीची. ओहायोत हरणाला वाटेल ती रायफल चालत नाही. प्रदेश सपाट आणि वस्ती जवळजवळ, त्यामुळे पूर्वी मुख्यतः शॉटगनच होती. २०१४ पासून सरळ भिंतीच्या (मानेशी निमुळतं न होणाऱ्या) काडतुसाच्या रायफली चालू झाल्या, .३५७ ते .५० पर्यंत. म्हणजे .३५७ नियमात अगदी दारात बसते. काका म्हणतात, नियमात बसतं म्हणून हरणाला पुरतं असं नव्हे, .४४ मॅग्नम घे. मी तक्ते पाहिले. १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) .३५७ गोळी चार इंची रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण १,२३५ फूट जाते, लांब नळीतून १,८०० च्या पुढे. नळीच्या तोंडाशी ऊर्जा १,१७५ फूट-पाउंड, पण १०० यार्डांवर ७१५ च उरतात. २४० ग्रेनची .४४ गोळी रायफलमधून १,६५० फूट-पाउंडांवर निघते आणि १०० यार्डांवर हजाराच्या थोडी वरच राहते. फरक उघड आहे. पण .४४ घेतली तर बायकोचं रिव्हॉल्व्हर एकटं पडतं आणि जोडीचा मुद्दाच संपतो.

दुसरी, अडकण्याची. काकांनी त्यांची जुनी .३५७ कार्बाइन (आखूड लिव्हर रायफल) एक दिवस वापरायला दिली. मॅग्नम सुरळीत चालली. मग बायकोच्या पेटीतली .३८ घातली, ती सपाट तोंडाची, शिसं काडतुसाच्या कडेला समतल असतं ती. दुसऱ्याच गोळीला लिव्हर अर्ध्यावर थांबला. वरून पाहिलं तर काडतूस उचलणीवर (ते नळीपर्यंत वर नेणाऱ्या भागावर) नाक वर करून उभं, त्याचं तोंड नळीच्या वरच्या कडेला टेकलेलं, आणि रांगेतल्या दुसऱ्या काडतुसाचं बूड अर्धं आत आलेलं. काकांनी नळी जमिनीकडे धरून स्क्रूड्रायव्हरने अलगद मागे ढकललं तेव्हा सुटलं. हे तीनदा झालं. सगळ्याच लिव्हर रायफलींत .३८ अशी अडकते का? तसं असेल तर एकच काडतूस दोन्हीकडे चालतं हे बोलण्यापुरतंच राहिलं.

तिसरी. रिव्हॉल्व्हरनेही हरीण मारायचं झालं तर इथे नळी किमान पाच इंची लागते. बायकोचं चार इंची. दुसरं सहा इंची घ्यावं का?

एक भावनेची गोष्टही सांगून टाकतो. १८७३ साली विंचेस्टरची रायफल आणि कोल्टचं रिव्हॉल्व्हर एकाच वर्षी आली आणि घोड्यावरचा माणूस कमरेच्या एकाच पट्ट्यातली .४५ काडतुसं दोन्हीत घालायचा, हे काकांकडून ऐकल्यापासून ही जोडी डोक्यातून जात नाही.

ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

आधी इतिहास दुरुस्त करतो, कारण त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. १८७३ दोन्हींचं खरं, पण काडतूस वेगळं होतं. कोल्ट आलं .४५ कोल्टमध्ये आणि विंचेस्टर .४४-४० मध्ये. .४५ कोल्टची त्या काळातली बुडाची कड फार बारीक होती. त्या रिव्हॉल्व्हरमध्ये रिकामं काडतूस दांडीने पुढून मागे ढकलून काढतात, तिथे कडेवाचून अडत नाही. रायफलीत आकडा ती कड पकडूनच काडतूस ओढतो. म्हणून एकोणिसाव्या शतकात .४५ कोल्टची लिव्हर रायफल झाली नाही. आज मिळतात त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. जोडी जमली ती उलट्या बाजूने: १८७८ मध्ये कोल्टने आपलं रिव्हॉल्व्हर .४४-४० मध्ये काढलं, फ्रंटियर सिक्स-शूटर. म्हणजे रिव्हॉल्व्हरने रायफलीचं काडतूस स्वीकारलं. (.४४-४० मानेशी निमुळतं असतं, त्यामुळे सरळ भिंतीच्या तुमच्या नियमात ते बसत नाही. मोहात पडू नका.)

लिव्हर रायफलीचं सगळं गणित काडतुसाच्या एकूण लांबीवर बेतलेलं असतं. मुख्य नळीखाली काडतुसांची नळी असते, तिच्यातल्या स्प्रिंगने एक काडतूस उचलणीवर येतं, आणि त्याच्या लांबीमुळेच रांगेतलं दुसरं बाहेर थोपून राहतं. आखूड काडतूस आलं की ते दुसरं आत डोकावतं. तुम्ही पाहिलंत ते हेच. .३८ चं पितळी कवच .३५७ पेक्षा सुमारे ०.१३५ इंचाने आखूड आहे, पण गोळीसकट कमाल लांबी पाहा: .३५७ ची १.५९ इंच आणि .३८ ची १.५५. फरक नावालाच. दोष .३८ चा नाही, त्या समतल शिशाचा आहे. ती कागदावर स्वच्छ गोल भोक पाडण्यासाठी केलेली रिव्हॉल्व्हरची गोळी, कवचाबाहेर येतच नाही. १५८ ग्रेनची, गोलसर बाजूंची आणि सपाट टोकाची .३८ घ्या आणि पुन्हा करून बघा.

टोक सपाट हवंच. काडतुसांच्या नळीत ती एकामागे एक असतात, पुढच्याच्या बुडातल्या टोपीवर (जिच्यावर ठोका बसला की बार होतो) मागच्याचं नाक टेकलेलं असतं. टोकदार कडक गोळी तिथे घातली तर दणक्याने आतल्या आत बार होऊ शकतो. मऊ रबरी टोकाच्या गोळ्या याचसाठी निघाल्या, त्या चालतात.

आणि .३८ बऱ्याच मारल्या की नळीच्या घरात (बार होताना काडतूस बसतं तिथे) कवच संपतं त्या जागी काजळीचं कडं जमतं. त्यावर मग मॅग्नम घालायला गेलात तर घट्ट बसते. हरणाच्या आदल्या रात्री ब्रश फिरवायला विसरू नका.

प्रतिसाद

मी मिशिगनमध्ये .३५७ ने चार हरणं घेतली आहेत, सगळी ७० यार्डांच्या आत. तुमच्या ओढ्याकाठच्या रानात यापेक्षा लांबचा नेम मिळणारच नाही बहुतेक. खांद्यामागे, फुप्फुसात बसली की हरीण पन्नास पावलांत पडतं. पण शंभरावर उभं असेल तर सोडून द्यायची तयारी हवी. ती नसेल तर काकांचं ऐका.

मॅग्नमची गोळीही बघून घ्या. हलक्या ११० किंवा १२५ ग्रेनच्या गोळ्या रिव्हॉल्व्हरच्या वेगासाठी केलेल्या असतात, रायफलीच्या वेगाला वरवरच फुटतात. १५८ च्या खाली जाऊ नका.

घरात मूल आहे म्हणून एक. विंचेस्टर ९२ च्या ढंगाच्या रायफली रिकाम्या करायच्या तर प्रत्येक काडतूस लिव्हर मारून, घरातून फिरवून बाहेर काढावं लागतं. काही रायफलींत काडतुसांच्या नळीची आतली पितळी नळी पुढून ओढून निघते आणि काडतुसं नुसती ओतता येतात. मी दुसरी घेतली ती केवळ यासाठी. आणि ओहायोत भरायची तीनच ना, घर आणि काडतुसांची नळी धरून? मग दहा मावतात की आठ, यावर पैसे घालवू नका.

प्रतिसाद

वाचणाऱ्यांपैकी जे एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आहेत त्यांच्यासाठी: बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं संघीय कायद्याने मना आहे, शिकारीच्या वैध लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत. मित्राबरोबर रेंजवर जाण्याआधीही वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना हे कलम लागू नाही.

प्रतिसाद

वहिनी रायफलही चालवणार असतील तर एक सवय आधीच मोडा. रायफल धरताना डावा हात पुढे, नळीखाली असतो. त्याच दिवशी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की तो हात नकळत पुढे सरकतो. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला फुटतो, मॅग्नमचा तर कातडी फाडतो. माझ्या भावाच्या अंगठ्यावर अजून काळा पट्टा आहे. दोन्ही एकाच बैठकीत मारायची तर आधी रिव्हॉल्व्हर, मग रायफल. आणि कानाला दोन्ही वेळा संरक्षण.

धागालेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय कारण आधी करून बघायचं होतं.

शनिवारी काकांची कार्बाइन पुन्हा घेतली. १५८ ग्रेनची सपाट टोकाची .३८, एक पेटी, पन्नास. एकही अडकली नाही. शेवटची वीस बायकोने मारली. रायफलीतून .३८ चा आवाज इतका बसका येतो की तिने एकदा लिव्हर थांबवून विचारलं, बार झाला ना? दणका तर नाहीच. ती म्हणाली, ही माझी, तू दुसरी बघ.

मग मॅग्नम घेऊन ५० यार्डांवर बसलो, पाच गोळ्या तळहाताखाली झाकल्या गेल्या. ७५ वर जरा पसरल्या. १०० वर मला माझा भरवसा वाटला नाही. मिशिगनच्या मित्रा, तुमचं म्हणणं पटलं. ओढ्याकडच्या मचाणापासून दोरी लावून मोजलं, सगळ्यात लांबची मोकळी जागा ६२ यार्ड आहे. तिथल्या हिकरीच्या खोडाला केशरी फीत बांधली आहे. फितीपलीकडचं हरीण माझं नाही.

काकांना .४५ ची गोष्ट सांगितली. ते आत जाऊन एक जुनं काडतूस घेऊन आले, बुडाच्या कडेवर नख फिरवून पाहिलं आणि बराच वेळ ते हातात धरून बसले.

तर .३५७ ठरली, आतली नळी पुढून निघणारी. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंदुकीचा हंगाम सुरू होतो, तोवर हाताशी यायला हवी. सहा इंची रिव्हॉल्व्हर सध्या नाही, हरणाला रायफलच नेईन. समतल शिशाच्या .३८ च्या सहा पेट्या उरल्या आहेत, त्या रिव्हॉल्व्हरसाठी वेगळ्या खणात ठेवून वर मोठ्या अक्षरात लिहिलंय: "फक्त रिव्हॉल्व्हर". वहीही घातली आहे.

एकच राहिलं. .३८ आणि .३५७ ने नेम वेगळ्या उंचीवर लागतो, ५० यार्डांवर .३८ बरीच खाली बसते. मागची साइट (नेमाची खाच) मॅग्नमला लावून .३८ ला अंदाजाने वर धरता, की दोन्हींसाठी वेगळ्या खुणा करता? बायको आणि मी एकच रायफल वापरणार, म्हणून विचारतोय.