मदत हवी आहे: दुसऱ्या पालकाने त्याच्या घरातला धोका आपल्याला कळवणं बंधनकारक असतं का?

जरा सविस्तर लिहिते, कायद्यातलं कळणाऱ्यांनी आणि या परिस्थितीतून गेलेल्यांनी प्लीज सांगा.

आम्ही वेगळे राहतो. कोर्टाच्या ऑर्डरप्रमाणे मुलगी (वय ७) एकाआड एक शनिवार-रविवार बाबाकडे असते, ती आनंदाने जाते आणि तिने जायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मागच्या वेळी आल्यावर केस विंचरताना सहज म्हणाली की बाबाकडे आंघोळ करताना डोकं दुखतं, गरगरतं, आणि बाहेर आलं की बरं वाटतं. मी हातातला कंगवाच खाली ठेवला. तिथे गॅस गीझर बाथरूमच्या आत आहे आणि खिडकी कायम बंद. वर म्हणते, दुरुस्तीवाले काका बाबाला सांगत होते की हा आत ठेवू नका. म्हणजे त्याला माहीत होतं, तरी मला एका शब्दाने सांगितलं नाही आणि पोरगी तिथेच आंघोळ करतेय!

मेसेज केला तर उत्तर आलं, "माझ्या घराचं मी बघतो."

मी उगाच ताणतेय असं वाटत असेल तर एवढंच सांगते, गॅस लीक झाला तर निदान वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. पण बंद जागेत गॅस नीट जळला नाही की जो कार्बन मोनॉक्साईड तयार होतो त्याला ना वास ना रंग, डोकं दुखलं, गरगरलं तरी कारण लक्षात येत नाही आणि कित्येकदा माणूस थेट बेशुद्धच पडतो.

ऑर्डरमध्ये "मुलीच्या आरोग्याविषयी एकमेकांना कळवावे" एवढंच आहे, घराचा उल्लेख नाही. हे त्यात बसतं का? वकिलामार्फत लिहिलं तर त्याला वाटणार मी भेटी बंद करायला निघालेय, आणि मला ते अजिबात नकोय. माझ्याकडे बाल्कनीचं ग्रिल काढलं होतं तेव्हा मी स्वतःहून त्याला कळवलं होतं, तेवढीच अपेक्षा आहे.

प्रतिसाद:
ताई, कायद्याचं नंतर, आधी आंघोळ थांबवा. गीझर बाहेर जाईपर्यंत तिला पाणी दुसरीकडे तापवून बादलीत द्यायचं, एवढंच मागा. मेसेजमध्ये "तू लपवलंस" नको, फक्त तिला काय झालं आणि काय हवं ते. डॉक्टरांना दाखवून केस पेपरवर लक्षणं लिहून घ्या. चक्कर येणं हा आरोग्याचाच प्रश्न आहे, त्यामुळे माझ्या मते ते वाक्य इथे लागू पडतं, पण प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, वकिलांना ऑर्डर दाखवाच. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही, कलम १८ मध्ये, मुलाला वाढवण्याची जबाबदारी दोन्ही पालकांची सामाईक मानली आहे. वकिलांकडून भेटी कमी करायची मागणी नको, घरातला धोका एकमेकांना कळवायचा अशी एक ओळ ऑर्डरमध्ये वाढवून मागा, आणि ती दोघांनाही सारखीच लागू असू दे म्हणजे त्यालाही पटेल.

धागाकर्ती:
खूप आभार. तसाच मेसेज केला, "बरं, बादलीने करेल" एवढंच उत्तर आलं, गीझरबद्दल अवाक्षर नाही. डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीये. कुणाच्या ऑर्डरमध्ये अशी ओळ असेल तर नेमके शब्द इथे द्याल का? वकिलांना दाखवायचे आहेत.