म्हणे शत्रूला जखमीच करायचं होतं!

भटकभवानी: व्हॉट्सॅपवर एक ढकलपत्र फिरतंय: 'रायफलसाठी ५.५६ मिलिमीटरची छोटी गोळी मुद्दाम निवडली, कारण शत्रू जखमी झाला की त्याला उचलायला आणखी दोघं अडकतात.' तिसऱ्यांदा आलं तेव्हा राहवलं नाही. अहो, मूळ कारण वजन! नाटोचं ७.६२ चं काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, ५.५६ चं १२. तेवढ्याच ओझ्यात दुप्पट. चकमकी बहुतेक तीनशे मीटरच्या आतच होतात हे ओळखून जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धातच ७.९२ चं आखूड काडतूस काढलं होतं. तरी अमेरिकेने पन्नाशीच्या दशकात नाटोच्या गळ्यात ७.६२×५१ (गोळीचा व्यास × पुंगळीची लांबी, मि.मी.) मारलं. मग त्या काडतुसाची एम-१४ रायफल ऑटोमॅटिकवर हातात ठरेना आणि व्हिएतनाममध्ये ५.५६ ची एम-१६ घ्यावी लागली.

जुना_फौजी: पुस्तकी हिशेब. आमची जुनी ७.६२ ची रायफल, एसएलआर, चालवलीत कधी? पहिल्या फायरिंगनंतर चार दिवस खांदा निळा होता. पण समोरचा एका गोळीत बसायचा. तिच्या जागी आलेल्या ५.५६ च्या इन्सासने काय दिलं? कारगिलच्या थंडीत मॅगझिन तडकली.

भटकभवानी: तडकलं प्लास्टिक. भाकरी करपली म्हणून ज्वारीला शिव्या घालता का? आणि तो निळा खांदा हेच तर दुसरं कारण! धक्का कमी, म्हणून दुसरी गोळीही नेमावर.

शुद्धलेखक: 'छोटी गोळी' काय? गोळी म्हणजे फक्त पुढे उडतो तो भाग, ५.५६ मध्ये जेमतेम ४ ग्रॅम. बाकी पुंगळी आणि दारू. आपले बातमीदार तर रस्त्यावर सापडलेल्या रिकाम्या पुंगळीलाही 'गोळी' म्हणतात. मी संपादकांना दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही.

जुना_फौजी: अंगावर येते तेव्हा व्याकरण विचारत नाही ती.

शुद्धलेखक: अज्ञानाला शौर्याचा मुलामा देऊ नका.

भटकभवानी: दोघंही एकमेकांच्या पानावरच्या खरडवहीत भांडा!

घाटावरचा: एवढी ५.५६ गुणाची, तर आपल्या सैन्यदलांनी २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफली कशाला मागवल्या? ७.६२×५१ आहे ती. अमेरिकाही ६.८ कडे वळली, चिलखत भेदायला. काश्मिरात तर जवान इन्सास ठेवून एके उचलायचे. सगळे वेडे?

भटकभवानी: बरं बाबा, लांब पल्ल्याला आणि चिलखताला मोठं काडतूस लागतं, दिला एक गुण. पण तुमची लाडकी एके ७.६२×३९ आहे, म्हणजे आखूडच! सिगमध्ये ते बसत नाही. आता इन्सास, सिग, एके-२०३ अशी तीन काडतुसं सांभाळणाऱ्या 'कोत'वाल्याला विचारा सुख.

घाटावरचा: कोत म्हणजे शस्त्रागार हो, दारूगोळा वेगळा असतो. निघाले लष्कर शिकवायला!

जुना_फौजी: हे बरोबर बोललात. आणि वजनाचं... असू दे, मान्य. वीस-वीसची पाच मॅगझिन बांधून डोंगर चढताना मीही शिव्या घालायचो. पण एसएलआरला नाही, डोंगराला.