मदत हवी आहे: सीमेपलीकडच्या रुग्णालयासोबतच्या प्रकल्पाला युरोपीय निधी कुठून मिळेल?

पैलतीर
युरोपीय निधीचे अर्ज भरलेले कुणी इथे असेल तर कृपया लवकर सांगा, सोमवारी मला संचालकांपुढे आकडा ठेवायचा आहे. पक्षाघाताच्या रुग्णांसाठी नेदरलँड्स आणि जर्मनी अशा दोन्ही बाजूंना मिळून काम करायचे आहे. युरोपीय पोर्टलवर संस्थेची नोंदणी झाली, संस्थेची ओळख सांगणारा नऊ आकडी पिक क्रमांकही मिळाला. 'ईयू फॉर हेल्थ' या युरोपीय आरोग्य निधीचा अर्ज उघडून चार दिवस बसले आहे, पण आमच्या कामाशी जुळणारा विषयच दिसत नाही. कुठल्या विषयाखाली अर्ज घालू? आणि खर्चाचे ६० टक्केच मिळतात हे खरे का? उरलेले कुठून आणायचे?

निळी_सायकल
६० टक्के हे खरे आहे. काही खास प्रकल्पांना ८० टक्क्यांपर्यंत देतात. पण ताई, बाकी काहीच लिहिले नाहीत. संस्था कसली? पैसे किती हवेत? पलीकडे जोडीदार कोण? नक्की करणार काय? हे कळल्याशिवाय सांगणार तरी काय?

उत्तरायण
सरळ 'होरायझन युरोप' या युरोपीय संशोधन निधीकडे जा. २०२१ ते २०२७ साठी ९३ अब्ज युरोंहून मोठी थैली आहे. संशोधन प्रकल्पाला थेट खर्चाचे १०० टक्के, वर २५ टक्के कार्यालयीन खर्च. मी स्वतः अशा दोन प्रकल्पांत काम केले आहे. ६० टक्क्यांच्या मागे का लागायचे?

पैलतीर
संस्था छोटी आहे, ना-नफा, डच बाजूला घरी जाऊन शुश्रूषा करणारी. पलीकडे एक जर्मन रुग्णालय आहे. अंदाज १ लाख ४० हजार युरो, दोन वर्षांसाठी.

काम काय ते सांगते. मागच्या हिवाळ्यात साठीतले एक गृहस्थ पक्षाघातानंतर पलीकडून घरी आले. राहायला इकडे, नोकरी तिकडे, म्हणून विमाही तिकडचा. सोबत चार पानी जर्मन पत्र. आमच्या संध्याकाळच्या पाळीतल्या मुलीने त्यातली औषधांची यादी वाचली, कारण औषधांची नावे दोन्हीकडे सारखीच. गिळायला त्रास आहे, पेये घट्ट करूनच द्यायची, ही ओळ तिसऱ्या पानावर होती. तिने नेहमीसारखा चहा दिला. पहिल्याच घोटाला ठसका लागला, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. पत्नी पाठ चोळत होती आणि पेय घट्ट करायच्या पावडरीचा डबा रुग्णालयाच्या पिशवीत तसाच, झाकणही न काढलेला. ते बचावले, पण फुप्फुसाला संसर्ग होऊन नऊ दिवस पुन्हा भरती. मला हे परत व्हायला नको आहे. दोन्ही भाषांतला एकच कागद, आणि रुग्ण घरी निघेल त्या दिवशी तिकडच्या परिचारिकेने इकडच्या परिचारिकेला केलेला एक फोन. एवढेच उभे करायचे आहे.

निळी_सायकल
हे आधी सांगायला हवे होते. तुम्ही चुकीच्या दारात उभ्या आहात. 'ईयू फॉर हेल्थ' ब्रुसेल्सहून चालते, विषय दर वर्षीच्या कार्यक्रमात ठरलेले असतात, आणि त्यांना सगळ्या युरोपभर लागू पडेल असे काम हवे असते. तुमचे काम दोन शेजाऱ्यांमधले आहे. त्यासाठी 'इंटररेग', म्हणजे सीमेपलीकडच्या सहकार्याचा युरोपीय निधी. त्यातही 'अ' हा भाग, लगतच्या सीमाभागांचा.

उत्तरायण
इंटररेगमध्ये युरोपचा हिस्सा कमाल ८० टक्के, प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून कमी. शिवाय आधी खर्च करा, मग परत मागा. छोटी संस्था मधल्या काळात पगार कशातून देणार? होरायझनमध्ये आगाऊ रक्कम मिळते.

निळी_सायकल
आधी खर्च करावा लागतो हे मान्य. पण होरायझनच्या साध्या सहयोगी प्रकल्पाला तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था लागतात, आणि स्पर्धा साऱ्या युरोपशी. यांच्याकडे दोन देश आहेत आणि संशोधनाचा प्रश्न एकही नाही. एका कागदासाठी तिसरा देश शोधत फिरायचे का?

उत्तरायण
कागदामुळे पुन्हा भरती होण्याचे प्रमाण घटते का, हा संशोधनाचाच प्रश्न आहे. तिसरा देश बेल्जियम, तो काही लांब नाही.

वाचा_उपचार
निधीतले कळत नाही, मी गिळण्याच्या त्रासावर काम करते. कागदावर 'घट्ट', 'पातळ' असे शब्द लिहूच नका, भाषांतरात ते हमखास घसरतात. पेये आणि अन्न किती घट्ट ते आकड्यांत सांगणारी आयडीडीएसआयची आंतरराष्ट्रीय पट्टी वापरा. ० ते ७ पायऱ्या आहेत, पेयांसाठी ० ते ४, अन्नासाठी ३ ते ७. '२' लिहिले की जर्मन असो वा डच, अर्थ एकच. तपासायला १० मिलिची साधी सिरिंज पुरते: दहा सेकंद द्रव खाली वाहू द्यायचा आणि किती उरला ते बघायचे. त्या मुलीच्या हातात नुसता आकडा असता तरी ती थांबली असती.

पैलतीर
हे फार मोलाचे आहे. आमच्या मसुद्यात शब्दच आहेत. आजच बदलते.

सदाफुली
युरोपीय आरोग्य विमा कार्ड काढून घ्या, फुकट मिळते. दुसऱ्या सदस्य देशात तात्पुरते असताना आजारी पडलात तर सरकारी व्यवस्थेतले उपचार तिथल्या लोकांच्याच दराने होतात. ठरवून उपचाराला जायचे असेल तर मात्र आधी आपल्या विमा संस्थेकडून एस-२ ही पूर्वपरवानगी घ्या.

निळी_सायकल
सदाफुली, माहिती बरोबर आहे, पण ती रुग्णाच्या उपचाराच्या पैशांबद्दल. इथे प्रश्न प्रकल्पाच्या पैशांचा आहे.

दुर्बीण
सीमेवर किती मोठे काम होऊ शकते हे बघायचे तर सेर्दान्याचे रुग्णालय बघा. पिरिनीज पर्वतात, पुइगसेर्दा गावी, स्पेनच्या हद्दीत, पण फ्रान्स आणि कातालोनिया दोघांचे मिळून. २०१४ पासून चालू आहे आणि बांधकामाला युरोपीय प्रादेशिक विकास निधीचा पैसा होता. इंटररेगचा पैसाही त्याच निधीतून येतो. जुने प्रकल्प कीप डॉट ईयू या संग्रहात सापडतात. तुमच्या सीमेवर आरोग्यातले कोणते मंजूर झाले ते तिथे चाळा.

चौथा_मजला
मी अशा एका कार्यक्रमाच्या कार्यालयात अर्ज तपासायचो, म्हणून एकच विचारतो. जर्मन रुग्णालय नक्की काय देणार आहे?

पैलतीर
त्यांनी पाठिंब्याचे पत्र दिले आहे. विभागप्रमुखांची सही आहे.

चौथा_मजला
मग अर्ज इथेच अडतो. इंटररेगचा नियम असा, की जोडीदारांनी योजना मिळून आखायची आणि मिळूनच राबवायची. शिवाय माणसे किंवा पैसा, यातले निदान एक तरी सामाईक हवे. नुसत्या पत्राने रुग्णालय जोडीदार ठरत नाही. असे अर्ज मी स्वतः परत पाठवले आहेत, आणि वाईट वाटायचे, कारण काम चांगले असायचे.

रुग्णालयाकडे रोख मागू नका. त्यांची एक परिचारिका अर्धा वेळ या कामाला मागा. तिचा पगार ते देतातच. त्यातला निधीतून परत न मिळणारा भाग हाच त्यांचा हिस्सा.

आता आकडा. दोन वर्षांऐवजी आधी एक वर्ष करा. दोन्हीकडच्या अर्धवेळ परिचारिका मिळून पगार ६० हजार धरू. बाकी सगळा खर्च पगाराच्या ४० टक्क्यांपर्यंत सरसकट धरायची सोय नियमात आहे, म्हणजे २४ हजार. छपाई, प्रवास, दुभाषी सगळे त्यात, पावत्या दाखवायला नकोत. एकूण ८४ हजार. निधी समजा ७० टक्के मिळाला तर ५८,८००, आणि दोघांनी मिळून सोसायचे २५,२००. नक्की टक्का आणि ४० टक्क्यांची सोय तुमच्या कार्यक्रमात कशी आहे ते कार्यालयात विचारा. १ लाखाच्या आतल्या मदतीसाठी छोट्या प्रकल्पांचा वेगळा निधी असतो का, तेही विचारा. तुमच्या सीमेवर ही चौकशी युरेजिओकडे, म्हणजे डच-जर्मन सीमाभागाच्या सहकार्य संस्थेकडे करायची. ग्रोनाउचे १९५८ पासूनचे आहे, अर्ज भरण्याआधी भेटायला या असे ते स्वतःच सांगतात.

आणि सध्याच्या कालावधीतला खर्च २०२९ च्या अखेरपर्यंतच धरला जातो. पैसे मंजूर होत होत संपत येतात, म्हणून शिल्लक आहे का हा पहिला प्रश्न.

उत्तरायण
पत्राचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. जोडीदार असा अर्धवट असेल तर होरायझनमध्येही टिकाव लागणार नाही. आधी छोटे करा, वर्षभराचे आकडे जमले की मोठ्याचे बघू. तेव्हा मदत करेन.

निळी_सायकल
काम सुरू केलेत का हो? अर्जाआधीच पुरे झालेल्या कामाला निधी मिळत नाही.

पैलतीर
कागदाचा मसुदा फक्त आहे, छापलेले काही नाही.

आज दोन फोन केले. युरेजिओतल्या बाईंनी गुरुवारी बोलावले आहे, पानभर टिपण घेऊन या म्हणाल्या, अर्ज नको. रुग्णालयाच्या विभागप्रमुख अर्धवेळ परिचारिकेला लगेच हो म्हणाल्या नाहीत. पण त्या गृहस्थांचा किस्सा सांगितल्यावर म्हणाल्या, तिसरे पान मीच लिहिले होते. उद्या व्यवस्थापनाशी बोलते म्हणाल्या. संचालकांना ८४ हजारांचा आकडा देते आहे.

वाचा_उपचार, सिरिंजची चाचणी घरी करताना पेय गार झालेले चालते का, की देतो तेवढेच गरम हवे?

वाचा_उपचार
ज्या तापमानाला द्यायचे त्याच तापमानाला तपासायचे. चहा गरम असताना आणि निवल्यावर वेगळा वाहतो.